पिंग नदीकाठच्या सागवानी घरात: चियांग माईच्या लान्ना धाटणीच्या हॉटेलात राहायचं तर

उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला पहिल्या खेपेला गेलो तेव्हा मी फोटो बघून हॉटेल ठरवलं. फोटोत नदी होती, सागवानी कठडा होता, कठड्यावर चहाचा पेला होता. प्रत्यक्षात खोली मिळाली रस्त्याकडची, आणि नदी बघायची तर न्हाणीघरातल्या स्टुलावर उभं राहावं लागायचं. चूक हॉटेलची नव्हती. आरक्षणात ‘गार्डन साइड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, मीच ते वाचलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेलो तेव्हा मात्र हॉटेलवाल्यांना आधी प्रश्न विचारून अगदी भंडावून सोडलं. त्या दोन मुक्कामांतून जे कळलं ते इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दहा-पंधरा खोल्यांच्या अशा हॉटेलात आपण पलंगाचे किंवा एसीचे पैसे मोजत नाही, ओसरीचे मोजतो. पलंग आणि एसी निम्म्या भाड्यातही मिळतात. तेव्हा आधी ओसरी पसंत करायची आणि मग हॉटेल.

आधी काठ ठरवा

चियांग माई ही जुन्या लान्ना राज्याची राजधानी. राजा मंगराय याने १२९६ साली ती वसवली. खंदकाने वेढलेलं चौकोनी जुनं शहर पश्चिमेला आणि पिंग नदी पूर्वेला; जुन्या शहराच्या पूर्वेकडच्या ता फे दरवाजापासून सरळ चालत निघालं की किलोमीटरभरावर नवरात पूल लागतो. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, म्हणजे काठ दोनच, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. कुठल्या काठावर उतरता यावर तुमचा सगळा दिवस ठरतो.

पूर्वकाठावर वाट केत हा जुना व्यापाऱ्यांचा भाग आहे. रेल्वे यायच्या आधी बँकॉकहून माल याच नदीतून होड्यांनी वर यायचा आणि इथे उतरायचा. चिनी दुकानदार, ख्रिस्ती मिशनरी, मुसलमान, शीख सगळे इथेच स्थायिक झाले, त्यामुळे थोड्याशा अंतरात बौद्ध मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा भेटतात. या काठावरच्या ओसरीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे समोर नदी, पलीकडे शहर आणि त्याच्या मागे दोइ सुतेप डोंगर. सूर्य त्या डोंगराआड बुडतो. ते दृश्य पैसे वसूल करणारं आहे, पण त्याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. दुपारी दोनपासून ओसरी तापते आणि एप्रिलमध्ये तर तिथे पाय ठेववत नाही.

पश्चिमकाठावर सकाळचं ऊन मिळतं आणि संध्याकाळी सावली. नाइट बझार चालत जाण्याइतका जवळ, पण गजबज जास्त आणि हॉटेलंही मोठी. ज्यांना पहाटे पाचला जाग येते त्यांनी पश्चिमकाठ घ्यावा. माझं मत पूर्वकाठाला.

तिसरा पर्याय शहराबाहेर, नदीकाठीच पण आठ-दहा किलोमीटर दूर. तिथे शांतता खरी, पण प्रत्येक जेवणासाठी गाडी मागवावी लागते. चार दिवसांच्या मुक्कामात त्याचा कंटाळा येतो.

मग महिना

नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, पुण्याच्या थंडीसारखंच. स्वेटर न्या, सागवानी घरांच्या फटींतून वारा येतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जाऊ नका. शेतातले काड जाळतात, जंगलात वणवे लागतात आणि तो धूर डोंगरांमधल्या खोऱ्यात कोंडतो. मार्चमध्ये हे शहर जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत कित्येकदा वरच्या नंबरावर असतं. समोरचा दोइ सुतेप चक्क दिसेनासा होतो. नदीकाठची खोली घेऊन खिडक्या बंद करून बसायचं, यात काय राम? त्या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतात, त्या याच कारणाने. दमा असलेलं कुणी सोबत असेल तर विषयच संपला.

पावसाळा जून ते ऑक्टोबर. हिरवाई मस्त आणि भाडं कमी. पण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला नदीवर लक्ष ठेवा. २०२४ मध्ये सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिंग दोनदा शहरात घुसली. नवरात पुलापाशी पाण्याची पातळी पाच मीटरच्या वर गेली आणि वाट केतपासून नाइट बझारपर्यंत तळमजल्यांत पाणी शिरलं. या काळात जायचंच असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या, आणि खोली वरच्या मजल्यावरची.

आरक्षणाआधी विचारायचे प्रश्न

आरक्षणाच्या अ‍ॅपवर हॉटेल शोधा, पण पैसे भरायच्या आधी हॉटेलला थेट ईमेल करा. लहान हॉटेलं उत्तर देतात आणि थेट आरक्षणाला कधीकधी न्याहारी किंवा विमानतळावरून आणायची गाडीही जोडून देतात. मी जे विचारतो ते असं.

पलंगावर बसून नदी दिसते का, की ओसरीत उभं राहून मान वळवावी लागते? ‘रिव्हर व्ह्यू’ आणि ‘रिव्हर फ्रंट’ यांत फरक असतो. पहिल्यात मध्ये झाड, भिंत, कुणाचं छप्पर, काहीही येऊ शकतं. खोलीचा नंबर मागा आणि त्याच खोलीचा फोटो पाठवायला सांगा.

ओसरी स्वतंत्र आहे की शेजाऱ्यांसोबत सामाईक? जुन्या घराच्या लांब ओसरीला लाकडी पडदे लावून तीन खोल्यांत वाटून देतात. पलीकडचा माणूस खोकला तरी ऐकू येतं.

जवळ गाणं-बजावणं चालणारं रेस्टॉरंट आहे का? चारोएनरात रस्त्यावर नदीला लागून अशी बरीच ठिकाणं आहेत आणि मध्यरात्रीपर्यंत बँड चालू असतो. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. आमच्या पहिल्या मुक्कामात पलीकडच्या काठावरचं गाणं इतकं स्पष्ट ऐकू यायचं की तिसऱ्या रात्री मला त्याचं कडवं पाठ झालं होतं, अर्थ मात्र शेवटपर्यंत कळला नाही.

डोक्यावर मजला आहे का? सागवानी तक्तपोशीवरून कुणी टाचा आपटत गेलं की खाली ढोल वाजतो. म्हणून वरचा मजला बरा. पण जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि जिने शिडीसारखे उभे. आईचे गुडघे बघता आम्ही खालची खोली घेतली आणि वरच्यांचा पहाटेचा फेरफटका मुकाट्याने ऐकला. ज्याचं त्याने ठरवावं.

शेवटचा प्रश्न, लाकूड जुनं आहे का? हा निव्वळ माझा हट्ट. थायलंडने १९८९ साली जंगलतोडीवर बंदी घातली, त्यामुळे चांगल्या हॉटेलांत दिसणारं सागवान बहुतेक वेळा मोडलेल्या जुन्या घरांतलं असतं. मालक हौशी असेल तर कुठल्या गावातून कुठला खांब आणला हे सांगत बसतो. ‘हो, थाई स्टाइल आहे’ एवढंच उत्तर आलं तर समजायचं, सिमेंटवर लाकडी पट्ट्या मारल्यात.

पैशाचं गणित

बऱ्या बुटीक खोल्या साधारण दोन-अडीच हजार बाटपासून सुरू होतात. वर मर्यादा नाही. एका बाटला किती रुपये पडतात ते त्या दिवसाच्या दराने बघून घ्या. भाड्यापुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट लागतो. म्हणजे ३००० ची खोली ३५३१ ला पडते. हॉटेलातल्या जेवणाच्या मेनूवरही तीच दोन चिन्हं बारीक अक्षरात असतात.

आल्यावर बऱ्याच ठिकाणी अनामत मागतात, रोख किंवा कार्डावर. रोख द्या. कार्डावर अडकवलेली रक्कम सुटायला आपल्याकडच्या बँका वेळ घेतात. पावती घ्या आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.

पोचताना

मुंबईहून बँकॉकमार्गे जायचं. हाताशी वेळ असेल तर बँकॉकहून रात्रीची स्लीपर गाडी घ्या. संध्याकाळी निघते आणि सकाळी चियांग माई. स्टेशन नदीच्या पूर्वेलाच आहे, त्यामुळे वाट केतला जाणाऱ्यांना ते विमानतळापेक्षा जवळ पडतं. प्रवेशाआधी ‘टीडॅक’ हे डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती बनावट समजा. भारतीयांच्या व्हिसाचे नियम मात्र अधूनमधून बदलतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर बघाच.

विमानतळावरून वाट केतला वीस-पंचवीस मिनिटं. टॅक्सीला दीडशे-दोनशे बाट, ग्रॅब अ‍ॅपवरच्या गाडीने थोडं इकडेतिकडे. हॉटेलचं नाव आणि फोन थाई लिपीत मोबाइलवर ठेवा. नदीकाठच्या गल्ल्यांची तोंडं इतकी अरुंद की चालक पुढे निघून जातो. शहरात फिरायला लाल रंगाच्या सोंगतेव, म्हणजे आपल्या वडापच्या थाई बहिणी. हात दाखवायचा, ठिकाण सांगायचं, मान हलली की मागे चढायचं, पैसे उतरल्यावर.

पासपोर्टची प्रत हॉटेल घेतंच. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत सरकारला कळवणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा वाद घालू नका. खोली सहसा दुपारी दोनला मिळते. आम्ही सकाळी साडेआठला पोचलो. काउंटरवरच्या मुलीने आईकडे बघून हात जोडले, ‘खुन मॅ’ म्हणाली आणि ओसरीत बसवून लेमनग्रासचा थंडगार चहा दिला. ‘मॅ’ म्हणजे आई. थाईत नदीला ‘मॅ नाम’ म्हणतात, पाण्याची आई, आणि पिंगला मॅ पिंग. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, “अरे, मग आपल्यासारखंच की, चंद्रभागा माय.” त्या दिवसापासून ती नदीला माय पिंगच म्हणायला लागली.

घर वाचायला शिका

खोली मिळाली की लगेच बॅगा उपसू नका. आधी बाहेर येऊन छपराकडे बघा. त्रिकोणी छपराच्या टोकाला दोन कोरीव फळ्या शिंगांसारख्या एकमेकींना छेदून वर गेलेल्या दिसतील. त्यांना कालॅ म्हणतात, लान्ना घराची ती ओळखच. घर खांबांवर उचललेलं असतं; पूर, साप, दमटपणा या सगळ्यांवर तो इलाज. जिना चढून गेलं की पहिली जागा उघडी, छपराखालची. पाहुणे तिथेच बसायचे, झोपायची खोली आत. आपल्याकडे वाड्यात ओसरी आणि माजघर असायचं ना, अगदी तोच हिशेब.

आतल्या खोलीच्या दारावर कोरीव फळी असेल तर तिला हाम योन म्हणतात. ती घराचं रक्षण करते अशी समजूत. तिच्यावर टॉवेल वाळत टाकू नका. (मी टाकला होता. खोली आवरणाऱ्या बाईंनी काही न बोलता तो घडी करून खुर्चीवर ठेवला. दोनदा.) उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको. चपला जिन्याखाली काढायच्या. जुन्या घरांच्या दाराशी मातीच्या मडक्यात पाणी आणि नारळाच्या करवंटीचा ओगराळा ठेवायची पद्धत होती, वाटसरूने न विचारता प्यावं म्हणून. काही हॉटेलं ते मडकं अजून मांडतात, पण आता ते शोभेचं असतं. त्यातलं पिऊ नका आणि नळाचंही नको, खोलीत बाटल्या ठेवलेल्या असतात.

अंगणाच्या कोपऱ्यात खांबावर छोटं देऊळ दिसेल, ते सान फ्रा फूम, जागेच्या रक्षकाचं. आपल्या भाषेत वास्तुपुरुष किंवा ग्रामदैवत म्हणा. पुढे हार, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली, तीही स्ट्रॉ घालून. फोटो काढा, पण बाटली हलवू नका.

हे सगळं सागवान आलं कुठून आणि गेलं कुठे, या गोष्टीला मुंबईचा धागा आहे. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशानंतर उत्तर सयामच्या जंगलांत उतरली. बोर्नियो कंपनी तिची प्रतिस्पर्धी. हत्तींनी ओढलेले ओंडके पावसाळ्यात नदीत सोडायचे आणि खाली नाखोन सावनकडे वाहू द्यायचे. बोर्नियो कंपनीचं वाट केतमधलं जुनं घर आज १३७ पिलर्स हाउस या हॉटेलात जपलेलं आहे. नाव त्याच्या खांबांवरून पडलं. खिशाला परवडणारं नसलं तरी तिथे चहा घेऊन घर बघता येतं. बॉम्बे बर्माची उत्तर थायलंडमधल्याच फ्रे गावातली शंभरी ओलांडलेली इमारत मात्र २०२० मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली चक्क पाडली गेली आणि थायलंडभर बोंबाबोंब झाली. कंपनी आजही आहे, वाडिया समूहात.

खोलीतल्या बारीकसारीक गोष्टी

संडासात जेट स्प्रे असतो. युरोप फिरून आलेल्यांना याचं मोल कळेल.

पाली असणारच. त्यातली एक मोठी, निळसर अंगावर केशरी ठिपक्यांची, रात्री ‘तोक्के, तोक्के’ असं खणखणीत ओरडते. पहिल्या रात्री आईला वाटलं बाहेर कुणी हाका मारतंय. ती खोलीत सहसा येत नाही, छपरात राहते आणि किडे खाते. तक्रार करून उपयोग नाही, छप्पर तिचं आहे.

डास संध्याकाळी साडेपाच ते सात. नदीकाठी हे टळत नाही. ओसरीतला पंखा चालू ठेवा, पायांना मलम लावा, आणि दिवे लावायच्या आधी खोलीचं दार बंद करा. मच्छरदाणी नुसती सजावटीला बांधलेली असेल तर सोडायला सांगा.

ड्युरियन खोलीत आणायला बहुतेक ठिकाणी मनाई, वासामुळे. मँगोस्टीनलाही कित्येक ठिकाणी मनाई असते, तिच्या सालीचा जांभळा डाग चादरीवरून जात नाही म्हणून. बाजारात खाऊनच या. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, बॅगेत नेऊच नका.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

इथे ‘व्हेज’ म्हटल्याने काही साधत नाही. भाजी दिसते, पण आत माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, आणि कोळंबीचं वाटण असतं. ‘जे’ हा शब्द पाठ करा. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासोबत कांदा-लसूणही वर्ज्य. जैन मंडळींना याहून सोयीचा शब्द मिळणार नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. दुकानावर दिसला की निर्धास्त आत शिरा. अंडं चालत असेल तर ‘मांगसाविरात’ म्हणा. नुसतं माशाचं पाणी टाळायचं तर ‘माइ साइ नाम प्ला’.

हॉटेलात लहान स्वयंपाकघर असतं, म्हणून आदल्या संध्याकाळी सांगितलं तर सकाळी भाताची पेज बिनमांसाची करून देतात. वरून आलं आणि कोथिंबीर. आईने पिशवीतून मेतकूट काढलं आणि तिची न्याहारी तिथेच लागली. मांसाहार चालत असेल त्यांनी खाओ सोय चुकवू नये, नारळाच्या दुधातल्या रश्शात शेवया आणि वर तळलेल्या शेवयांचा कुरकुरीत ढीग. सोबत आलेला कच्चा कांदा आणि लिंबू त्यातच घालायचं.

दिवस कसा लावायचा

सहाला उठा. गल्लीतून अनवाणी भिक्षू भिक्षेला निघतात. बाजूला उभं राहावं, तोंडापुढे कॅमेरा नाचवू नये. मग चान्सोम पादचारी पुलावरून पलीकडे. हा पूल बाजारातल्या एका भारतीय व्यापाऱ्याने पत्नीच्या स्मरणार्थ बांधायला पैसे दिले, म्हणून स्थानिक लोक त्याला खुआ खेक म्हणतात. ‘खुआ’ हा पुलासाठी उत्तरेचा शब्द. ‘खेक’ म्हणजे पाहुणा, आणि भारतीय माणूससुद्धा. पलीकडे वारोरोत बाजार आणि त्याला लागून फुलबाजार. झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे गजरे, कमळाच्या कळ्या. आईने दादरच्या सवयीने घासाघीस सुरू केली; गजरा वीस बाटचा होता, तो वीसलाच मिळाला.

नऊच्या आत परत या. दहापासून चारपर्यंत लांब हिंडण्यात अर्थ नाही, हाच ओसरीचा वेळ. दुपारी ओसरी तापली की वाट केत काराम मंदिर बघा, चालत पाच-दहा मिनिटांवर. त्याचा स्तूप किंचित कलता आहे. स्वर्गातल्या चुलामणी स्तूपाकडे टोक रोखलं जाऊ नये म्हणून तसा मुद्दाम बांधला, असं सांगतात. आवारातल्या लाकडी इमारतीत गावकऱ्यांनीच जमवलेलं छोटं संग्रहालय आहे, जुने फोटो, भांडी, कपडे. साडेपाचला ओसरीत परत. या वेळेला सहली ठेवू नका, निम्मं भाडं या तासाचं आहे.

कार्तिकी पौर्णिमेला जाणार असाल तर

लॉय क्राथोंग आणि उत्तरेतला यी पेंग हे सण बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतात. केळीच्या बुंध्याच्या चकतीवर पानांची, फुलांची आरास करून त्यात मेणबत्ती आणि उदबत्त्या लावून नदीत सोडायची, हेच क्राथोंग. हॉटेलातली मंडळी दुपारी अंगणात बसून पाहुण्यांना ते करायला शिकवतात. थर्माकोलचं क्राथोंग विकत घेऊ नका. खोली पाच-सहा महिने आधी धरावी लागते, भाडं दुप्पट असू शकतं आणि बऱ्याचदा किमान तीन रात्रींची अट असते. आकाशकंदील मनाला येईल तिथे, येईल तेव्हा सोडता येत नाहीत. विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे वेळ आणि जागा ठरवून दिलेली असते, ती हॉटेलात विचारून घ्या. त्या रात्री नवरात पुलाच्या आसपास गाड्या हलत नाहीत. पुलाच्या अलीकडे उतरून चालत यायची तयारी ठेवा, आणि विमान त्या संध्याकाळचं तर मुळीच घेऊ नका.

निघताना

खोली बाराला सोडायची असते, पण बँकॉकची विमानं रात्रीपर्यंत असतात. सामान ठेवून घेतात, नाही म्हणत नाहीत. ओसरी रिकामी असेल तर बसूही देतात, फक्त आदल्या दिवशी विचारायचं. खोली आवरणाऱ्यांसाठी उशीवर नव्हे, टेबलावर वीस-वीसच्या नोटा ठेवा. नोटेवर राजाचं चित्र असतं. ती खाली पडली तर पायाने अडवू नका. अनामतीची पावती दाखवून पैसे मोजून घ्या. आमच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने पैसे परत दिले आणि वर एक प्लास्टिकची पिशवी हातात ठेवली. आत मेतकुटाची बरणी होती, आई स्वयंपाकघरात विसरली होती. अर्धी रिकामी झाली होती.